निळीची बॅटरी

आप्पांनी गाडी दिली तेव्हा दोन्ही मुलींना मिळून दिली, आणि गाडीबरोबर स्वतःलाही देऊन टाकलं. डोळ्यांना नीट दिसेनासं झालं तसं त्यांनी एका सकाळी दोन्ही मुलींना आणि दोन्ही जावयांना समोर बसवलं आणि सांगितलं, "आता मी चालवणार नाही. निळी तुम्हा दोघींची. पंधरा दिवस थोरलीकडे, पंधरा दिवस धाकटीकडे. आणि जिथे निळी, तिथे मी." चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाने स्वतःचीच वाटणी इतकी हसत हसत केलेली मास्तरांनी कधी पाहिली नव्हती.

मास्तर म्हणजे थोरले जावई. छत्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले, उंच, काटकुळे, आणि सिद्ध झाल्याशिवाय पावसाळ्यात पाऊस पडतो हेसुद्धा न मानणारे. धाकटे जावई दातांचे डॉक्टर. गोल, गोरेपान, हसरे, दिवसभर दुसऱ्याचं तोंड उघडं ठेवायची सवय असल्यामुळे संध्याकाळी स्वतःचं बंद न करणारे. दोघे साडू. वैर असं काही नव्हतं. फक्त एकाने "बरोबर" म्हटलं की दुसऱ्याला लगेच "पण" आठवायचं, एवढंच.

आणि निळी म्हणजे आप्पांची गाडी. वय वर्षं पस्तीस. फिकट निळा रंग, खिडक्या हाताने फिरवायच्या, हॉर्न असा की गाढ झोपलेलं कुत्रंसुद्धा उठून वाट द्यायचं. आप्पांनी उभा जन्म रुग्णवाहिका चालवली होती आणि सुट्टीच्या दिवशी ही. रोज सकाळी ते तिच्या बॉनेटवर हात ठेवायचे, जसा एखाद्याच्या कपाळावर ताप बघायला ठेवावा.

आता झालं असं, की निळी डॉक्टरांकडे असली की घड्याळासारखी चालायची. किल्ली फिरवली की पहिल्या दमात चालू. पण मास्तरांच्या घरी आली की दोन दिवस बरी आणि तिसऱ्या सकाळी गपगार. सेल्फ मारला की बॉनेटखालून "टक्" असा एकच आवाज यायचा आणि डॅशबोर्डवरचे दिवे मावळायचे. बॅटरी उतरलेली. मग शेजाऱ्याची गाडी आणा, तारा जोडा, तिला जागं करा. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

पहिल्यांदा सगळे म्हणाले, बॅटरी जुनी असेल. नवी घातली. नवीही उतरली. मास्तरांनी मग एक शंभर पानी वही घातली. तारीख, गाडी कुणी लावली, दिवे बंद केले का, रेडिओ बंद केला का, चारही दारं ओढून पाहिली का. रोज पाचही रकाने भरायचे. चूक सापडेना.

डॉक्टरांना तर आयतीच संधी मिळाली. "मास्तर," ते म्हणायचे, "निळीला थोरल्या घरचं पाणी मानवत नाही बहुतेक."

"माझ्याकडून काहीही राहत नाही," मास्तर म्हणायचे. "वही आहे माझ्याकडे. जागेचंच काहीतरी असणार."

"जागेचं!" डॉक्टरांचं पोट हलायचं. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

हे वाक्य मास्तरांना लागायचं. वर वर ते हसण्यावारी न्यायचे, पण आत कुठेतरी ते काट्यासारखं रुतून बसायचं. कारण तिसऱ्या दिवशी गाडी बंद पडली की आप्पा खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचे आणि नुसते निळीकडे बघत राहायचे. जिथे गाडी चालते तिथेच म्हाताऱ्याचा जीव रमणार, हे कळायला भूमिती लागत नाही. मास्तरांचे वडील लहानपणीच गेले होते. उतारवयात का होईना, घरात एक वडीलधारं माणूस आलं याचा त्यांना किती आनंद झाला होता, हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. बायकोला, म्हणजे ताईला, ते न सांगताच कळलेलं होतं, ती गोष्ट वेगळी.

शेवटी ताईच म्हणाली, "अहो, वहीत लिहून गाडी बरी होणार आहे का? वायरबाईंना दाखवा."

वायरबाई म्हणजे बाजाराच्या टोकाला गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान चालवणाऱ्या बाई. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, कानावर कायम एक छोटा पेचकस अडकवलेला. त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही त्याची गरज भासत नसावी. मास्तर निळीला घेऊन गेले. बाईंनी बॅटरीची एक तार सोडवली, बॅटरीचं टोक आणि तार यांच्या मध्ये मीटर जोडला आणि गाडी तशीच शांत ठेवून आकडा पाहिला.

"तीस मिलीअँपिअर," त्या म्हणाल्या. "घड्याळ आणि रेडिओ मिळून एवढं खाणारच. यात महिनाभर उतरायची नाही बॅटरी."

"पण दोन दिवसांत उतरते!"

"माझ्याकडे नाही उतरत." त्यांनी निळीला दोन रात्री दुकानात ठेवून घेतलं. तिसऱ्या सकाळी ती पहिल्या दमात चालू झाली. डायनामो तपासला, चार्जिंग तपासलं, सगळं ठणठणीत.

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते फोनवर इतके हसले की पलीकडे खुर्चीवर आ वासून बसलेल्या पेशंटची त्यांना माफी मागावी लागली. "म्हणजे दुकानात चालते, माझ्याकडे चालते. उरलं कोण, मास्तर?"

मास्तरांनी फोन ठेवला, डोक्यावर टोपी घातली आणि पुन्हा बाजाराचं टोक गाठलं. "बाई," ते म्हणाले, "रोगी दवाखान्यात आला की त्याचा ताप उतरतो, तसं झालंय. तुम्हाला घरी यावं लागेल."

वायरबाईंनी क्षणभर विचार केला. न सापडलेला दोष त्यांनाही खात होता. "रविवारी येते," त्या म्हणाल्या. "दोन रात्री हात लावू नका तिला. जशी रोज लावता तशीच लावून ठेवा. काही जास्त नीट करू नका."

रविवारी सकाळी त्या आल्या तेव्हा अंगणात जत्रा होती. डॉक्टर धाकटीला घेऊन मुद्दाम आले होते. त्यांना मास्तरांची फजिती प्रत्यक्ष बघायची होती. आप्पा खुर्ची बाहेर आणून बसले होते. ताई चहाची किटली घेऊन उभी होती.

मास्तरांचं घर रस्त्यापेक्षा खालच्या पातळीवर. फाटकातून आत आलं की सिमेंटचं अंगण चांगलंच उतरत उतरत थेट स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत येतं. निळी नेहमीप्रमाणे नाक भिंतीकडे करून, हँडब्रेक घट्ट ओढून, मागच्या चाकांना विटा लावून उभी होती. वायरबाईंनी बॉनेट उघडलं, तार सोडवली, मीटर जोडला आणि आकड्याकडे बघून शीळ घातली.

"पाऊण अँपिअर! दुकानात होतं त्याच्या पंचवीस पट. कोणीतरी बसून खातंय आत."

मास्तर दोन पावलं पुढे आले. गेल्या तीन महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं होतं, की इथे खरंच काहीतरी आहे.

"डॉक्टर, तुम्ही या इकडे," बाई म्हणाल्या. "तुमचा हात हलका असेल. मी मीटर बघते, तुम्ही एकेक फ्यूज उपटा."

डॉक्टर बाह्या सरसावून डॅशबोर्डखाली शिरले. पोट आणि स्टीअरिंग यांचा तह व्हायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी धंद्याच्या सवयीने एकेक फ्यूज अलगद हलवून, ओढून काढायला सुरुवात केली.

"पहिला काढला. दुखतंय?"

"आकडा तोच," बाई म्हणाल्या.

"दुसरा?"

"तोच."

"अक्कलदाढ काढू?"

"काढा हो!" धाकटी ओरडली. "पेशंटशी गप्पा नंतर मारा!"

पाचवा फ्यूज निघाला आणि मीटरचा आकडा धाडकन खाली आला. "तोच!" बाई म्हणाल्या. "परत घाला तो." पुन्हा घातला, पुन्हा पाऊण अँपिअर. त्या फ्यूजवर तीनच गोष्टी होत्या: घड्याळ, आतला छताचा दिवा आणि डिकीतला दिवा. बाईंनी घड्याळाची तार सोडवली, फरक नाही. छताचा बल्ब काढला, फरक नाही.

"मग राहिली डिकी," त्या म्हणाल्या. "डिकी बंद झाली की आतला दिवा विझायला हवा. तो विझत नाहीये."

"मग काढा तो बल्ब आणि मोकळे व्हा!" डॉक्टर डॅशबोर्डखालून लालबुंद होऊन बाहेर आले. "किडका दात. उपटा. संपलं."

वायरबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. "काढते. बॅटरी उतरायची थांबेल. पण दुकानात तो दिवा विझत होता आणि इथे विझत नाही, हे कसं ते मला सांगता यायचं नाही."

मास्तर घरात गेले आणि वही घेऊन आले. अंगणात उभ्या उभ्या त्यांनी पानं उलटली, आणि एका पानावर त्यांचं बोट थांबलं. मागच्या महिन्यात एकदा निळी सलग पाच दिवस उभी राहूनही बंद पडली नव्हती. 'गाडी कुणी लावली' या रकान्यात लिहिलं होतं: ही.

"अगं," त्यांनी ताईला विचारलं, "त्या वेळी तू गाडी लावली होतीस. काय वेगळं केलं होतंस?"

"मी? काही नाही." ताई आठवू लागली. "धान्याची पोती होती डिकीत. स्वयंपाकघराच्या दारापाशी उतरवायला बरं म्हणून उलटी आणली होती. रिव्हर्स घेत."

"उलटी," मास्तर म्हणाले. "म्हणजे नाक वर."

ते फाटकाकडे बघत राहिले, मग भिंतीकडे, मग पुन्हा फाटकाकडे. शाळेत फळ्यासमोर उभं असताना एखाद्या अवघड प्रमेयाची शेवटची ओळ दिसू लागली की त्यांच्या उजव्या भुवईला एक झटका यायचा. तो आता आला. वर्षानुवर्षं ती भुवई बघितलेल्या ताईने किटली खाली ठेवली.

"बाई, बल्ब काढू नका," मास्तर म्हणाले. "मला डिकीत बसायचंय."

"काय?" सगळे एकदम म्हणाले. आप्पा मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले.

"मी आत बसतो, डिकी बंद करा. मग हिने गाडी हळूहळू मागे घेत रस्त्यावर, सपाटीवर न्यायची. दिवा कधी विझतो ते मी डोळ्यांनी बघतो."

"अहो, तुमची कंबर!" ताई म्हणाली.

"कंबरेचं नंतर बघू."

बाईंनी तार पुन्हा बॅटरीला जोडली आणि सोबत आणलेल्या बॅटरीने निळीला जागं केलं. डिकीतलं जास्तीचं चाक आणि जॅक बाहेर काढला. मग भूमितीच्या मास्तरांनी स्वतःच्या सहा फुटांचे तीन काटकोन केले आणि ते निळीच्या पोटात शिरले. डॉक्टरांनी झाकण लावताना शेवटचं विचारलं, "भूल देऊ का?" आणि खट् झालं.

आत दिवा चालू होता.

झाकण लागलेलं, चारी बाजूंनी बंद, आणि डोक्यावर एक छोटा पिवळा दिवा ऐटीत जळत होता. जणू तीन महिने इथेच बसून तो सगळ्यांची मजा बघत होता. मास्तरांना त्या उजेडात डिकीचा जुना गालिचा दिसला, कधीकाळी सांडलेल्या रंगाचा डाग दिसला, आणि स्वतःचा गुडघा नाकासमोर दिसला. गुदमरायच्या ऐवजी त्यांना हसू येऊ लागलं. चोर सापडला होता, आणि चोराच्या मांडीला मांडी लावून ते बसले होते.

गाडी हलली. इंजिनाची घरघर पाठीत शिरली. ताई अगदी हळू, पेल्यातलं पाणी सांडू नये तशी, मागे मागे चढत होती. दिवा चालूच. अर्धं अंगण गेलं असेल, दिवा चालूच. फाटकाच्या लोखंडी पट्टीवरून मागची चाकं गेल्याचा धक्का बसला, मग पुढची. गाडी आडवी झाली, सपाट झाली, आणि वरून एक बारीकसा 'टिच्' आला.

काळोख. मिट्ट, संपूर्ण, सुंदर काळोख.

"उतार!" मास्तर आतून ओरडले. "उतार! उतार! उतार!"

बाहेर सगळ्यांना वाटलं, ते "उतरवा, उतरवा" म्हणताहेत. डॉक्टर पोट सांभाळत धावत रस्त्यावर पोचले आणि त्यांनी झाकण उघडलं. आत साडू दुमडलेल्या अवस्थेत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

"काय झालं? लागलं का कुठे?"

"डॉक्टर," मास्तर म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी पुढे अनेक वर्षं चवीने सांगितलं, "माझं अंगणच वाकडं आहे!"

डॉक्टरांना ते कळायला क्षणभर लागला. मग ते रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले आणि असे हसले की समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली.

वायरबाईंनी झाकणाच्या आतल्या बाजूचा दिवा सोडवून दाखवला. त्याच्या मागे एक इवलीशी काचेची कुपी होती आणि कुपीत पाऱ्याचा एक थेंब. "पाऱ्याचा स्विच," त्या म्हणाल्या. "जुन्या गाड्यांत असतो. झाकण वर उचललं की पारा या टोकाला घरंगळतो, दोन तारा जोडतो, दिवा लागतो. झाकण पडलं की पारा मागे. तुमच्या अंगणात गाडीचं नाक खाली, ढुंगण वर. पाऱ्याला वाटतं, झाकण उघडलंय."

"म्हणजे पारा चढत होता!" धाकटी म्हणाली. "आणि त्याच्यापायी या दोघांचाही!"

"पण एवढ्या उताराने चढायला नको," बाई कुपी डोळ्यांजवळ नेत म्हणाल्या. "ही पट्टी वाकलीय. कशाचा तरी चांगलाच दणका बसलाय. जड काही ठेवलं होतं का डिकीत? तीन-चार महिन्यांपूर्वी?"

अंगणातून काठी टेकत वर आलेले आप्पा म्हणाले, "माझी ट्रंक."

आप्पांचं सामान हलवलं तो दिवस सगळ्यांना एकदम आठवला. लोखंडी ट्रंक डिकीत मावत नव्हती. मास्तर म्हणत होते, आडवी घाला. डॉक्टर म्हणत होते, उभी घाला. शेवटी ती तिरकी घातली गेली आणि झाकण लागेना, म्हणून...

"तुम्ही दोघं झाकणावर बसला होतात," ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "शेजारी शेजारी. मी 'नका बसू' म्हणत होते."

"ते डॉक्टरांचं वजन," मास्तर पुटपुटले.

"कल्पना तुमची," डॉक्टर म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शाळेत एकाच बाकावर पकडलेल्या पोरांसारखे दोघे हसायला लागले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच ते दोघे एकाच बाजूला होते.

बाईंनी पक्कडीने पट्टी सरळ केली, स्क्रू आवळले. निळी पुन्हा नाक खाली करून भिंतीशी उभी राहिली. या वेळी डॉक्टर हटून बसले, "आता माझी पाळी." त्यांना आत बसवणं म्हणजे एका उशीच्या खोळीत दोन उशा भरणं होतं. ताईने हात टेकवून, धाकटीने गुडघा टेकवून झाकण कसंबसं लावलं. सगळे कान देऊन उभे राहिले.

आतून दबलेला आवाज आला, "काही दिसत नाही!"

अंगणात टाळ्या पडल्या. दिवा लागला म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं पुष्कळ असतील; अंधार झाला म्हणून कुणाला एवढा आनंद झालेला वायरबाईंनीही पाहिला नव्हता. मीटर तीस मिलीवर स्थिर होता. बाईंनी चहाचे दोन कप घेतले, दोन्ही स्वतःच प्यायल्या आणि पेचकस कानावर ठेवून गेल्या.

दुपारी सगळे पांगल्यावर मास्तर आप्पांच्या शेजारी बसले. जे तीन महिने विचारायचं होतं ते त्यांनी आता, गाडी बरी झाल्यावर विचारलं. "आप्पा, गाडी बंद असली की तुम्ही खिडकीत बसून राहायचात. इथे करमत नव्हतं ना?"

आप्पांनी चष्मा काढून पुसला. "जावईबापू, चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घाईवर जगलो. फोन वाजला की पळ. गाडी बंद, कुठे जायचं नाही, आणि ती नजरेसमोर उभी. असं सुख मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं." मग जरा थांबून म्हणाले, "शिवाय तुम्ही दर तासाला बाहेर जाऊन तिची दारं ओढून बघायचात. मला फार बरं वाटायचं. म्हटलं, चांगल्या हातात आहे."

मास्तर उठले आणि उगाचच एकदा निळीची चारही दारं ओढून आले. आप्पा खुर्चीत बसल्या बसल्या हसत होते.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला डॉक्टर न बोलावता हजर झाले. दवाखाना उशिरा उघडणार होता. मास्तरांनी किल्ली फिरवली. निळी पहिल्या दमात चालू झाली, आणि डॉक्टरांनी तिचा हॉर्न असा दाबला की ताई पोळपाटासकट दारात आली. मग सगळ्यांनाच घाई झाली: आप्पा पुढच्या सीटवर, ताई पिठाचे हात पुसत मागे, डॉक्टर तिच्या शेजारी. कुठे जायचं ते कुणीच ठरवलं नव्हतं. निळी मागे मागे अंगण चढली आणि उन्हाच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या वळणावर डॉक्टर मागून पुढे वाकले आणि मास्तरांच्या कानाशी हळूच म्हणाले, "मास्तर, आमच्याकडचा फ्रिज आहे ना, तो मधूनच शॉक देतो. धाकटीलाच देतो, मला देत नाही. येता का बघायला? मी मीटर घेऊन ठेवलाय."

"वही घाला आधी," मास्तर म्हणाले.